वॉर्डातले दिवे कोणी मालवले

काही वर्षांपूर्वी आपल्या यहुदी समाजाच्या अंकात माझ्यावर एक लेख छापून आला होता. सोबत पांढऱ्या कोटातला माझा फोटो, आणि मजकूर असा की अश्दोदच्या एका वृद्धाश्रमात, स्मृतिभ्रंशाने ज्यांची दिवस-रात्र उलटीपालटी झाली होती अशा माणसांना आपल्या मोझेसभाऊंनी युक्तीने झोप मिळवून दिली. लिहिणाऱ्याचा दोष नाही. तो घरी आला, मी त्याला चहा दिला, चिवडा दिला, आणि जिथे बोलायला हवं होतं तिथे गप्प बसलो.

आता संपादकांनी नव्याच्या सणाच्या अंकासाठी माझ्याकडे नोकरीतले अनुभव मागितले आहेत. हा अंक ठाण्या-पुण्याकडेही जातो, म्हणून तिकडच्या वाचकांसाठी सांगतो. नव्याचा सण म्हणजे आमचं नवं वर्ष. त्यानंतर थोड्याच दिवसांत येते ती दरफाळणी, म्हणजे दारं लावून उपास धरायचा दिवस. या दोन सणांच्या मधल्या काळात, ज्याचं आपण वाईट केलं त्याच्याकडे जाऊन माफी मागायची असते. मी एका ठिकाणी जाऊन आलो आहे, ते शेवटी सांगेन. छापलेलं दुरुस्त करायचं तेवढं राहिलं होतं.

मी परिचारक, मूळचा ठाण्याचा. मुंबईच्या इस्पितळात शिकलो, तेव्हा पुरुष नर्स म्हणून नातेवाईक हसायचे. इथे आल्यावर कोणी हसलं नाही, पण कामही हलकं मिळालं नाही. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी वृद्धाश्रमाच्या वरच्या मजल्यावरच्या वॉर्डाचा मुख्य होतो. वॉर्डाला लोखंडी दार होतं आणि ते आकडे दाबल्याशिवाय उघडत नसे, कारण आतल्या माणसांना बाहेर गेल्यावर परत यायची वाट सापडली नसती.

लोकांना वाटतं, स्मृतिभ्रंश म्हणजे नावं विसरणं. नावं विसरणं हा आमच्या कामातला सोपा भाग. माणूस तुम्हाला आपला भाऊ समजतो, तुम्ही भाऊ होता, संपलं. अवघड असायचं ते दिवस कलल्यावरचं. सकाळभर खुर्चीत माना टाकून पेंगणारी माणसं ऊन उतरलं की उठायची. कोणी दार ओढायचं, कोणी रडायचं, कोणी दुसऱ्याच्या पलंगावरची चादर गोळा करून गाठोडं बांधायचं. आमच्याकडे मादाम फोर्तुना नावाच्या मोरोक्कोच्या बाई होत्या. त्या रोज त्या वेळेला पिशवी घेऊन माझ्यासमोर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "दार उघड, मुलं शाळेतून आली असतील." मुलं आजोबा झाली होती. हे पहाटेपर्यंत चालायचं, आणि उजाडलं की सगळे पुन्हा पेंगायला मोकळे.

यावर आमच्याकडे दोन उपाय होते. एक, झोपेचे थेंब. त्याने माणूस झोपायचा, पण दुसऱ्या दिवशी पाय लटपटायचे आणि उरलंसुरलं बोलणंही जायचं. दुसरा उपाय म्हणजे बेरशेबाकडच्या एका बंद संस्थेत पाठवणं. तिथे भिंती उंच होत्या आणि माणसांची तक्रार आमच्या कानावर येत नसे. पाठवायची शिफारस मुख्य परिचारक म्हणून मी करायचो. मादाम फोर्तुनांची मीच केली.

एझ्राभाऊ आले ते त्यानंतर.

एझ्राभाऊ मूळचे पेणकडचे. इथे आल्यावर आधी येरुहामच्या कारखान्यात, मग अश्दोदच्या बंदरावर क्रेनवर. उंच, हाडापेराने मोठे, बोटं अजून दांडा धरल्यासारखी वाकलेली. रोगाने त्यांची हिब्रू भाषा आधी नेली. एवढ्या वर्षांचं शिकलेलं, संपूर्ण पुसलं गेलं. राहिली ती मराठी, तीही लहानपणची. वॉर्डात ती कळणारा मी एकटा, आणि रोज सकाळी बसने येणारी त्यांची बायको रिबेकाबाय.

संध्याकाळ झाली की एझ्राभाऊ डबा मागायचे. "जहाज लागलंय. माझा डबा कुठाय? सोडा मला, क्रेन खाली हाय." दार धरून उभे राहायचे, आणि त्यांना तिथून हलवायला दोन माणसं लागायची. एकदा त्यांनी एका सेविकेचा हात इतका घट्ट धरला की निळा पडला. त्यांना मारायचं नव्हतं. ते दांडा धरत होते.

माझं याबद्दल एक मत होतं आणि मी ते सगळ्यांना ऐकवायचो. बंदरावरचा माणूस, जन्मभर रात्रपाळी केलेली, शरीराला सवय लागली, आता ती जाणार नाही. एकदा रिबेकाबायसमोर हे बोललो. ती त्यांची नखं कापत होती. तिने कात्री खाली ठेवली.

"नाईट डूटी? अरे मोझेस, त्यानं नाईट डूटी सोडली तवा आमची धाकटी पाळण्यात होती. ती आज एलातला हाटेलात मॅनेजर हाय. माझ्या घरात कोण कवा झोपत होतं ते मला इचार ना. रोज नऊला घोरायचा. बातम्या कधी पुऱ्या ऐकल्या नाय त्यानं."

मी म्हटलं, शरीराला आतून आठवत असतं, बाय. पुस्तकात आहे. पुस्तकात असं काही नव्हतं.

त्या सुमाराला आमच्याकडे डॉक्टर नुरित आल्या. आईबाप ठाण्याचे, स्वतः येरुहामला जन्मलेल्या. मराठी सगळी कळायची, पण उत्तर हिब्रूतच यायचं. रिबेकाबाय मराठीत बोलायची, त्या हिब्रूत, आणि दोघींचं छान चालायचं. वयाने माझ्या मुलीएवढ्या. राऊंड घेताना त्या खुर्ची ओढून रोग्यासमोर बसायच्या आणि घाईने उठायच्या नाहीत. मी बऱ्याच डॉक्टरांबरोबर काम केलं. "मला माहीत नाही, बघू या" हे वाक्य इतक्या सहज बोलणारा डॉक्टर त्यांच्याआधी मला भेटला नव्हता.

त्यांनी एझ्राभाऊंचे थेंब कमी केले आणि मेलाटोनिनची गोळी सुरू केली. आमच्या देशात तेव्हा तिच्यावर बरंच संशोधन चालू होतं, वर्तमानपत्रांतही नाव यायचं. मला ते अमेरिकेतून येणाऱ्या जीवनसत्त्वांच्या डब्यांसारखं खूळ वाटलं. मी रोज जेवणानंतर गाडा फिरवताना गोळी द्यायचो आणि सकाळी डॉक्टरांना सांगायचो, "झोपले नाहीत." सांगताना मला थोडं बरंही वाटायचं.

एक दिवस त्यांनी मला खोलीत बसवून घेतलं. त्यांनी जे सांगितलं ते बाहेरच्या वाचकांसाठी माझ्या शब्दांत देतो. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी, शरीराचं घड्याळ असतं. त्याला वेळ कळते ती मुख्यतः उजेडावरून. अंधार पडला की त्याच्या सांगण्यावरून मेंदूतली एक छोटी ग्रंथी मेलाटोनिन सोडते, आणि अंगाला कळतं की रात्र झाली. म्हातारपणी हे द्रव्य कमी होतं. या रोगात तर ते घड्याळच झिजत जातं.

"म्हणजे ही झोपेची गोळी नाही, मोशे," त्या म्हणाल्या. इथे मोझेसचा मोशे होतो. "ही अंधार पडल्याची वर्दी आहे. आपण वर्दी देतो, आणि डोक्यावर ट्यूबलाइटी पेटवून ठेवतो. शरीराने कोणाचं ऐकायचं?"

"ट्यूबलाइटी बंद होणार नाहीत," मी म्हटलं.

"आणि दिवसा तुम्ही खिडक्यांचे पडदे पाडता."

हे खरं होतं. या देशात घराघरांत पट्ट्यापट्ट्यांचे गुंडाळी पडदे असतात, खिडकीबाहेरून खाली सोडायचे. उन्हाळ्यात सकाळीच ते पाडले की खोली गार राहते. आमच्या वॉर्डात ते कायम पाडलेले असत. म्हातारी माणसं उन्हाने कोरडी पडतात, हा माझा नियम. आणि रात्रभर कॉरिडॉर, जेवणघर, सगळीकडे लख्ख उजेड, हाही माझाच नियम. तो नियम उगाच केला नव्हता. एका वर्षी आमच्याकडच्या एक बाई अंधुक कॉरिडॉरमध्ये पडल्या, मांडीचं हाड मोडलं, आणि त्या पलंगावरून पुन्हा उठल्या नाहीत. त्यांच्या मुलासमोर उभा राहून मी मनाशी ठरवलं होतं की माझ्या वॉर्डात पुन्हा अंधार होणार नाही. हे मी सांगितल्यावर डॉक्टर नुरित म्हणाल्या, "पायाशी छोटे दिवे लावू, संडासाच्या वाटेवर, पिवळे." ते मी लावू दिले. वरचे बंद करू दिले नाहीत.

माझ्या वॉर्डात दिवसा रात्र होती आणि रात्री दिवस, आणि दोन्ही मी काळजीपोटी केलं होतं. काळजीपोटी केलेली चूक सोडवत नाही.

रिबेकाबायने डॉक्टरांचं बोलणं माझ्याइतकंच ऐकलं होतं. फरक एवढाच की तिने ते केलं. एका सकाळी मला एझ्राभाऊ खोलीत दिसले नाहीत. शोधत शोधत स्वयंपाकघरामागच्या गच्चीवर गेलो. तिथे स्वयंपाकिणींनी त्यांना खुर्ची दिली होती, समोर भेंडीची टोपली ठेवली होती, आणि पूर्वेचं ऊन त्यांच्या तोंडावर आलं होतं.

"रिबेकाबाय, हे काय?"

"ऊन."

"ते दिसतंय मला. परवानगी कोणाची?"

"उनाला परवानगी लागते? ठाण्याला कोणाला इचारून बसत होतास?"

एझ्राभाऊंनी एक भेंडी उचलून नीट बघितली. "कुठलं जहाज लागलंय?" त्यांनी विचारलं.

"मुंबयचं," ती म्हणाली.

"मंग घाई नको. ते लोक नेमी लेट."

स्वयंपाकिणींना मराठी येत नव्हती, पण तिच्या हसण्याने त्या हसल्या. मी हसलो नाही. गच्चीला कुलूप लावून घेतलं. त्याच आठवड्यात एझ्राभाऊंनी पुन्हा एका सेविकेला दाराशी दाबून धरलं, आणि मी बेरशेबाची शिफारस केली.

रिबेकाबायला हे मी कॉरिडॉरमध्ये सांगितलं.

"तिथं मराठी कोणाला येतं?"

"रिबेकाबाय, तिथे त्यांची सोय..."

"मोझेस, मी काय इचारलं? तो पाणी मागंल तर कोणाला कळंल? माझ्या गुडघ्यांनी मी रोज बेरशेबाची बस धरनार नाय, तुला ठाऊक हाय. म्हंजे तो तिथं मुका. जिवंत मुका."

मी नियम सांगितले. डॉक्टर नुरित मागेच उभ्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन एवढंच मागितलं की सणांचे दिवस संपेपर्यंत शिफारस पुढे जाऊ देऊ नका, आणि गच्चीचं कुलूप काढा. मी म्हटलं, ठीक आहे, सण संपेपर्यंत काय ते करा. त्यात उदारपणा नव्हता. नाहीतरी सणांत कचेऱ्या बंदच असतात.

मग रोज सकाळी ते दोघं गच्चीवर. रिबेकाबाय पहिल्या बसने यायची. दुपारी ते पेंगायला लागले की ती त्यांना उठवून चालवायची, कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जुन्या शेजाऱ्यांच्या चहाड्या सांगत. ती स्वतः सत्तरीची होती. तिचे गुडघे सुजलेले मला दिसायचे. संध्याकाळी एझ्राभाऊ थोडे शांत झाले होते, हे मला दिसत होतं, पण मी बोललो नाही. रात्र मात्र तशीच जात होती.

आता शब्बाथच्या घड्याळाचं. शुक्रवार मावळला की शनिवार मावळेपर्यंत शब्बाथ. तेवढ्या वेळात धर्म पाळणारा यहुदी दिव्याचं बटण दाबत नाही. म्हणून इथे वीज सांभाळायला घड्याळ असतं. त्याच्या गोल तबकडीच्या कडेला बारीक खुंट्या. आत दाबलेल्या खुंट्यांच्या वेळेला दिवे लागतात, बाहेर काढलेल्यांच्या वेळेला जातात. आमच्या वॉर्डात शुक्रवारी मावळायच्या सुमाराला बटणांवर झाकणं बसायची आणि कॉरिडॉर व जेवणघर त्या घड्याळाच्या हाती जायचं. मावळतीला दिवे लागायचे आणि उजाडल्यावर जायचे.

नव्याचा सण होऊन गेला होता, दरफाळणी यायची होती. त्या दिवसांत इथे हिवाळी वेळ लागू व्हायची आणि सगळी घड्याळं एक तास मागे फिरवावी लागायची. हे काम आमच्या वायरमनचं. पण तो राखीव सैनिक म्हणून लष्कराच्या हजेरीवर गेला होता. शुक्रवारी दुपारी मी स्टुलावर चढलो. तबकडीवर रात्रीचा अर्धा भाग काळा रंगवलेला असतो, तो वर्षांनुवर्षांच्या हातांनी पुसून गेला होता. मी फिरवलं, खुंट्या बघितल्या, झाकण लावलं.

रिबेकाबाय घरी निघाली होती. शब्बाथच्या आधीची शेवटची बस तिला गाठायची होती. तरी स्टुलाशी थांबली.

"मोझेस, दिवस कुठला नि रात कुठली, बघून लाव."

"बाय, मी काय आज पहिल्यांदा घड्याळ बघतोय?"

"मी आपलं सांगितलं," ती म्हणाली आणि गेली.

शनिवारी सकाळी मी पायी वॉर्डावर गेलो. एरवी फाटकापाशीच वरचा आवाज ऐकू यायचा. त्या दिवशी काही नाही. मी घाबरलो. वाटलं, कोणी गेलं, नाहीतर रात्रीच्या नर्सने सगळ्यांना थेंब पाजले. जिने चढून वर आलो तर रशियाहून आलेली आमची गालिना टेबलाशी बसून चहा पीत होती, आणि तिच्या डोक्यावर भर उजेडात सगळ्या ट्यूबलाइटी जळत होत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. झोपलेत."

"सगळे?"

"सगळे नाही. बरेच. एझ्रा दोनदा उठला, पिवळ्या दिव्याने संडासला गेला, परत झोपला." तिने कप खाली ठेवला. "चांगला हुकूम दिलात. डॉक्टरीणबाई इतके दिवस मागत होत्या. मला वाटलं, शेवटी ऐकलंत त्यांचं."

मी ट्यूबलाइटींकडे बघितलं आणि मला कळलं. दिवसाच्या जागी मी रात्र लावली होती. मावळतीला सगळं गेलं होतं, उजाडल्यावर सगळं आलं होतं. गालिनाला दिवे लावायचे असते तरी बटणापर्यंत वीज येत नव्हती. टॉर्चवर तिने रात्र काढली होती, आणि तो माझा हुकूम समजून.

मी "हं" म्हटलं. लेखापर्यंत जे काही पुढे झालं ते सगळं या "हं"मधून झालं.

एझ्राभाऊ हाताची उशी करून कुशीवर झोपले होते. इतक्या महिन्यांत मी त्यांचा चेहरा सैल झालेला पाहिला नव्हता. शब्बाथला बस नसते, म्हणून रिबेकाबाय चालत आली, आणि दारात थांबून आधी नवऱ्याकडे, मग वर जळणाऱ्या दिव्यांकडे, मग माझ्याकडे तिने बघितलं.

"लागलं वाटतं घड्याळ," ती म्हणाली. आणि पदर तोंडावर धरून खुर्चीत बसली. हसत होती की रडत होती ते मी बघितलं नाही.

रविवारी डॉक्टर नुरित आल्या. गालिनाने त्यांना आधीच सांगितलं होतं. त्यांनी मला विचारलं, "मोशे, दिवे तुम्ही बंद केलेत?" रिबेकाबाय शेजारीच उभी होती. मी तोंड उघडायच्या आत ती मराठीत म्हणाली, "हो तर. घड्याळ मोझेसनंच लावलं. मी बघितलं." शब्द न् शब्द खरा होता. डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला. तो हात मी सोडवून घ्यायला हवा होता.

त्यानंतरचं काम मात्र त्यांचं, पूर्णपणे त्यांचं. दुसरा कोणी एका रात्रीवर खूश होऊन गावभर सांगत सुटला असता. त्या म्हणाल्या, एका रात्रीवरून काहीच कळत नाही. मग त्यांनी वॉर्डाचा सगळा दिवसच फिरवला. सकाळी पडदे वर, खुर्च्या पूर्वेच्या खिडकीशी, ऊन चढल्यावर पुन्हा खाली. दुपारची झोप थोडकी. संध्याकाळी दूरदर्शन लवकर बंद, दिवे एकेक करून कमी. गोळी जेवणानंतर गाड्यावरून सरसकट नाही, तर प्रत्येकाच्या वेळेला, अंधार धरून. रात्री चादरी बदलताना सगळ्यांना एकदम जागं करायचं नाही. हे ऐकायला सोपं आहे. तीन पाळ्यांच्या, चार भाषांच्या माणसांकडून ते रोज करून घ्यायला त्या हिवाळाभर झटल्या. पाळी बदलताना स्वतः येऊन उभ्या राहायच्या. कोणी विसरलं तर रागवायच्या नाहीत, पुन्हा सांगायच्या.

त्यांना कधी जास्त बोलताना मी ऐकलं नाही. "रोग बरा होत नाहीये," त्या नातेवाइकांना आधीच सांगायच्या. "आठवणी परत येणार नाहीत. झोप सुधारली तर दिवस थोडा बरा जाईल, एवढंच." काहींना फरकच पडला नाही. एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्या शेवटपर्यंत रात्रभर वर्गाची हजेरी घेत राहिल्या. काहींना उजेडाने बरं वाटलं की गोळीने, हे डॉक्टरांना सांगता येत नव्हतं, आणि तसं त्या स्पष्ट म्हणायच्या.

एझ्राभाऊंना फरक पडला. दरफाळणीनंतर सुक्कोथचा सण येतो, त्याच्या मांडवांचे दिवस संपले तेव्हा मी माझी शिफारस मागे घेतली. ते अश्दोदलाच राहिले. संध्याकाळी जहाज यायचं अजून, पण आता ते दार ओढत नसत. रिबेकाबाय सांगायची, माल उद्या उतरवायचा हाय, आणि ते बरं म्हणायचे. त्यांचं शेवटचं बोलणं मराठीत होतं आणि ते ऐकायला ती होती. याहून जास्त ते काय बोलले, ते तिचं आहे.

एझ्राभाऊ हयात असतानाच एक समारंभ झाला. वृद्धाश्रमाच्या संचालकांनी मला व्यासपीठावर बोलावलं आणि म्हणाले, "सगळ्यांचा विरोध पत्करून दिवे मालवायचं धाडस करणारा परिचारक." विरोध माझाच होता. खाली पहिल्या रांगेत रिबेकाबाय एझ्राभाऊंना घेऊन बसली होती आणि टाळ्या वाजवत होती. डॉक्टर नुरितही वाजवत होत्या. मी मान लववली. मग लेख आला.

मला जे टोचत राहिलं ते प्रमाणपत्र नव्हे. मादाम फोर्तुना पिशवी घेऊन उभ्या राहायच्या, तेव्हा त्यांच्या डोक्यावर माझ्याच ट्यूबलाइटी होत्या. त्यांचे पडदे मीच पाडलेले होते. त्यांची घालमेल मी त्यांच्या रोगाच्या नावावर टाकली आणि त्यांना बेरशेबाला लावून दिलं. नंतर मी एकदा तिथे गेलो, तर त्या हयात नव्हत्या. त्यांच्यावर उजेडाने आणि गोळीने काही फरक पडला असता का, हे मला कधीच कळणार नाही. त्यांच्याआधीही मी काही जणांना पाठवलं होतं. युक्तीवाला मोझेसभाऊ म्हणून कोणी हात जोडला की मला ती पिशवी दिसायची.

गेल्या वर्षी दरफाळणीच्या आदल्या दिवशी मी रिबेकाबायच्या घरी गेलो. डॉक्टर नुरित आता उत्तरेला मोठ्या इस्पितळात असतात. त्यांना मी फोनवर सगळं सांगितलं होतं. त्या इतक्या हसल्या की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. "म्हणजे मी तुमच्या चुकीवर हिवाळाभर मेहनत केली," त्या म्हणाल्या, आणि मग, "बरं." हा एक शब्द मराठीत.

रिबेकाबाय खिडकीशी बसली होती. आता तिला चालवत नाही. एलातची मुलगी सणाला यायची होती. मी माफी मागितली. गच्चीच्या कुलपाची, बेरशेबाची, आणि तिच्या वाटणीच्या टाळ्या मी घेतल्या त्याची.

"झाकण लागायच्या आधी खुंट्या बघितल्या मी. तू स्टुलावरनं उतरलास तवाच मला ठाऊक होतं, उलटं लावलंस म्हणून," ती म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"माझी बस सुटत होती." ती हसली. "नि तसंही, बघू म्हटलं."

"आणि रविवारी? डॉक्टरांसमोर? समारंभात?"

तिने खिडकीकडे असलेलं तोंड माझ्याकडे वळवलं.

"अरे, ते माझं नाव झालं असतं तर तू दुसऱ्या दिशी दिवे लावले असतेस. डॉक्टरीणीचं झालं असतं तरी लावले असतेस, ती पोरगी तुझ्या मुलीच्या वयाची. तुझं झालं, म्हणून बंद राह्यले. मला काय टाळ्या पायजे होत्या? मला तो इथं पायजे होता."

तिने केलेली माझी पारख खरी होती. मी निवृत्त होईपर्यंत वॉर्डात संध्याकाळी एक दिवा जास्त लागला तरी ओरडायचो. तो माझा शोध होता ना.

बोलता बोलता खोलीत अंधारून आलं. समोरचं बंदर दिसेनासं झालं. सवयीने माझा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला.

"राहू दे, मोझेस," ती म्हणाली. "पडतोय तर पडू दे."

मी हात मागे घेतला. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.